डावीकडचा तिसरा खांदा

"ऊठ रे. नाक घासून माझं अंगण झिजवू नकोस," चिल्बोक म्हणाला आणि हातातली गवताची दोरी वळत राहिला. मान काही वर केली नाही.

ओम ताएसिक उठला नाही. अंगात सुतकाचे तागाचे कपडे, डोक्याला तागाची उंच टोपी, पायांत गवताच्या चपला. घरात आईचं प्रेत असताना थोरल्या मुलाने दारोदार फिरायचं नसतं. त्याने प्रेताजवळ बसून रडायचं, बाकीचं शेजारीपाजारी बघतात. पण ओमच्या दारी सकाळपासून कुत्रंही फिरकलं नव्हतं. निरोप धाडायला माणूस नाही, म्हणून तो स्वतःच आला होता.

"चिल्बोकदादा, आई गेली."

"ऐकलं."

"परवा सकाळी न्यायचंय. मयताच्या पालखीघराची किल्ली तुमच्याकडे. तुम्ही पुढे गायला आलात तरच आम्ही येऊ, असं खांदेकरी म्हणतात."

"दादा!" आता चिल्बोकने वर बघितलं. "सूगिलच्या आई, ऐकलंस का गं? एकतीस वर्षं झाली मला या गावात मयतापुढे गाताना. 'ए चिल्बोक', नाहीतर नुसतं आडनाव, 'इकडे ये रे प्यो', 'तो प्यो कुठे मेला?' आज दादा झालो बघ मी. नातं कसं लगेच जुळलं!"

आतून बायको दारात आली. मुळा चिरत होती, हात ओलेच होते. "पाणी देऊ का त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"कशाला? त्यांना पाणी कुठे लागतं? लोकांच्या घरचा तांदूळ लागतो."

ओमने खाली घातलेली मान आणखी खाली घातली. "खांदेकऱ्यांना पांढरा भात देईन. डुकराचं मटण देईन. दारू देईन. आणि दादा, तुमचे अकराच खांदेकरी आहेत. बारावी जागा रिकामी असते, पालखी कलते, हे मला ठाऊक आहे. मी शेजारच्या गावाहून एक गडी सांगतो..."

चिल्बोकच्या हातातली दोरी थांबली. "त्या जागेचं नाव तुझ्या तोंडातून पुन्हा निघालं," तो म्हणाला, "तर ही दोरी इथेच तुझ्या गळ्यात घालीन. तुझ्या आईच्या जोडीला तुलाही नेऊ. एका फेरीत दोन कामं होतील."

गाम्गोल हे अडतीस घरांचं गाव आणि लढाईच्या सगळ्या वर्षांत ओम त्याचा प्रमुख. जपानचं राज्य, जपानची लढाई, आणि घाम गाम्गोलचा. सकाळी उठून टोकियोच्या दिशेला वाकायचं, दुपारचा भोंगा झाला की हातातलं काम टाकून शिपायांसाठी डोळे मिटायचे, आणि कोण वाकला, कोण नाही, हे ओमने वहीत लिहायचं. भात पिकला की सरकारात घालायचा. कमी भरला तर कचेरीची माणसं लोखंडी सळई घेऊन यायची, भिंतीत खुपसायची, गवताच्या गंजीत खुपसायची, अगदी संडासाच्या खड्ड्यातही खुपसायची. पुढे ओम असायचाच, घरं दाखवायला. बदल्यात शिधा म्हणून सोयाबीनची पेंड यायची. तीही अर्धी बुरशीची, जी गावातला बैल हुंगून सोडून द्यायचा. मग पितळ मागितलं. वाट्या गेल्या, चमचे गेले, पूर्वजांपुढे जेवण मांडायची भांडी गेली. चिल्बोकची मयतापुढे वाजवायची घंटा गेली. तेव्हापासून तो पालखीच्या दांड्यावर काठीने ठेका धरायचा. शेवटी विमानांना तेल हवं म्हणून चीडच्या झाडांची मुळं खणायला बायाबापड्यांना डोंगरावर नेलं. भरल्या दिवसांच्या बाईलाही सुटका नव्हती. आणि या सगळ्याला ओमचं ठरलेलं उत्तर एकच, "वरून आलंय. माझ्या हातात काय आहे?"

सूगिललाही 'वरून'च नेलं. अडीच वर्षांमागे, बर्फ वितळायच्या दिवसांत, गावातून तीन पोरं खाणीवर पाठवायचा हुकूम आला. दोन नावं सगळ्यांना अपेक्षित होती. तिसरं नाव सूगिलचं निघालं. एकुलता एक पोरगा, म्हातारे आईबाप. त्याच्याच वयाचा, त्याच्याबरोबर नदीत डुंबलेला ओमचा मुलगा क्यूह्वान मात्र घरीच राहिला. चिल्बोक तेव्हा ओमच्या दारात गेला होता. असाच नाक घासायला. ओम ओट्यावर उभा होता, हातात गरम चहा. "वरून नाव आलंय, चिल्बोक. माझ्या हातात काय आहे?"

सूगिल गेला तो पार उत्तरेला, काराफुतो बेटावरच्या कोळशाच्या खाणीत. एक पत्र आलं. शाळामास्तरांनी वाचून दाखवलं. बर्फ कमरेएवढा आहे, मी बरा आहे, आईला सांगा मोजे पोचले. आणि खाली एक ओळ होती. बाबा, डावीकडचा तिसरा खांदा माझा आहे, तिथे कुणाला घुसू देऊ नका, आल्यावर भांडीन.

सूगिल खांदेकरी होता. अठराव्या वर्षी बापाने त्याला पालखीखाली घेतलं होतं. गाम्गोलची रीत अशी की खांदेकरी मेला किंवा गाव कायमचं सोडून गेला, तरच त्याच्या जागी दुसरा येतो. जागा भरली की आधीचा माणूस संपला, त्याच्या नावाने कुणी थांबायचं नाही. चिल्बोकने ती जागा भरू दिली नाही. अडीच वर्षं अकरा जण मयत वाहत होते. पालखी डावीकडे कलायची, त्या जागेमागचा चौथा खांदेकरी दोकचू शिव्या घालत दोन माणसांचं ओझं ओढायचा, पण 'भरा आता' असं कुणी म्हणालं नाही. दोकचूसुद्धा नाही, आणि त्याच्या जिभेला तर हाड नव्हतं.

यंदा पावसाळा सरताना जपान हरला. लोक रस्त्यावर येऊन नाचले आणि नाचून झाल्यावर ओमच्या घराकडे वळले. त्याच्या अंगणातले सोयाबीनच्या चटणीचे रांजण फोडले, वह्या जाळल्या. ओम सासुरवाडीला पळाला, महिन्याने परत आला. चिल्बोक त्या गर्दीत नव्हता. दोकचूने विचारलं होतं, "काय रे, तुझा हात नाही का शिवशिवला?" चिल्बोक म्हणाला होता, "दगडाने रांजण फुटतात. मला रांजण नकोय."

त्याला ओमचं तोंड हवं होतं. त्या तोंडाने, गावासमोर, एकदा म्हणायला हवं होतं की वरून काही आलं नव्हतं, माझ्याच हातून झालं. तेवढ्यासाठी तो रोज कुढत होता. जपानच्या खाणींतून पोरं परत येत होती. कुणाचा हात नाही, कुणाची छाती खोकल्याने भरलेली, पण येत होती. काराफुतोहून कुणीच येत नव्हतं. तिकडे आता रशियाचे शिपाई आहेत म्हणे, आणि बोटी बंद. आणि इकडे तालुक्याच्या कचेरीत अमेरिकन साहेब येऊन बसले होते, त्यांना लिहिता-वाचता येणारे जुने कारकून हवे होते. ओमला बोलावणं आल्याची बातमी गावभर होती. येत्या पंधरवड्यात तो पुन्हा खुर्चीवर बसणार. मग त्याचं तोंड कोण उघडणार?

चिल्बोकने दोरी बाजूला ठेवली.

"येतो," तो म्हणाला.

ओमने चमकून वर बघितलं.

"तुझ्यासाठी नाही येत. काकींसाठी येतो. पण एक ऐकून ठेव. पालखीपुढे मी जे गाईन ते मयताचं बोलणं. रीत तुला माहीत आहे. मधे तोंड घालायचं नाही. पालखी थांबवली तर पुढे येऊन वाकायचं."

"वाकेन, दादा. म्हणाल तितक्यांदा वाकेन."

तो गेल्यावर बायको पुढे आली. "अहो, खरंच जाणार तुम्ही?"

"जाणार."

"मला तुमचं तोंड कळतं. हे भलं तोंड नाहीये."

चिल्बोक म्हणाला, "उद्या तो कचेरीत बसला की मी त्याला विचारू शकेन का, माझ्या पोराचं नाव कुणी लिहिलं? मला तो विचारू देईल? पण मयतापुढे म्हातारी विचारते. आईने विचारलं तर तो काय सांगेल, वरून आलंय?"

"काकींना काय ठाऊक होतं?"

"काही नसेल."

"मग?"

"मग मी म्हणेन ठाऊक होतं."

बायकोने ओल्या हाताने तोंड झाकलं. "अहो! मेलेल्या माणसाच्या तोंडात खोटं घालणार? एकतीस वर्षांत कधी घातलंत का? आणि त्या बिचारीने आपलं काय वाकडं केलं होतं? सूगिल गेला तेव्हा हीच म्हातारी भोपळ्याची खीर झाकून घेऊन आली होती, मुलाला न सांगता."

"म्हणूनच तर," चिल्बोक म्हणाला. "खीर घेऊन येणाऱ्या बाईला काहीतरी ठाऊक असणार, असं त्यालाही वाटेल."

त्याला स्वतःची शरम वाटली. वाटली, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता, आणि रागाने शरमेला एका कोपऱ्यात बसवून ठेवलं.

खांदेकऱ्यांना राजी करायला मात्र संध्याकाळ गेली. "त्या हरामखोराच्या आईला मी उचलू?" दोकचू दारूचा वाडगा आपटून म्हणाला. "माझ्या बापाचा पितळी चमचा नेला त्याने! म्हातारा मरेपर्यंत लाकडी चमच्याने जेवला आणि रोज शिव्या दिल्या. तू तर गा, पण मी पालखी नदीत सोडणार."

"म्हातारीला हलवायचं नाही, दोकचू. मी थांबवीन तिथे थांबायचं आणि मी म्हणेपर्यंत एक पाऊल टाकायचं नाही. एवढंच कर."

"मग काय होईल?"

"काय होईल ते मलाही माहीत नाही," चिल्बोक म्हणाला, आणि ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघाली. आकाश स्वच्छ होतं, झाडांवर पिकलेली केशरी फळं लटकत होती, आणि सगळा गाव रस्त्याच्या कडेला उभा होता. दुःखाला कुणी आलं नव्हतं. ओमच्या घरचं मयत कसं जातं, ते बघायला आले होते. पालखी रंगीत, कागदी फुलांची, चारी कोपऱ्यांना झालरी. आणि ती कलली होती, नेहमीसारखी, डावीकडे. मागे ओम, काठी टेकत, वाकून चालणारा. त्याच्या मागे क्यूह्वान, आजीच्या सुतकाच्या कपड्यांत, डोळे लाल झालेला. म्हातारीसाठी त्या घरात खरं कुणी रडलं असेल तर तो एकटा.

चिल्बोक पालखीपुढे उलटा चालत होता, तोंड खांदेकऱ्यांकडे. काठीचा ठोका देत त्याने ओळ उचलली.

"चालले गं मी, चालले, उंबरा मागे राहिला..."

"ए हो, ए हो," अकरा जणांनी साथ दिली.

"चुलीवरचं भांडं तसंच, झाकण कोण घालील?"

"ए हो, ए हो."

आवाज चांगला होता त्याचा. शत्रूच्या आईसाठीही चांगलाच लागत होता, आणि त्यालाच त्याचा संताप येत होता. बायकांपैकी दोघीतिघींनी डोळे पुसले. म्हातारी वाईट नव्हतीच.

गावाच्या वेशीला ओढ्यावर लाकडं आणि माती घातलेला पूल आहे. तिथून पुढे बायका येत नाहीत, पुलापाशी थांबतात आणि परत फिरतात. म्हणजे सगळा गाव जिथे शेवटचा एकत्र असतो ती जागा हीच. पुलाच्या तोंडाशी चिल्बोकने काठी उभी आपटली. पालखी थांबली. ठरल्याप्रमाणे खांदेकरी जागीच डुलू लागले.

"थांबा रे बाबांनो, थांबा, पूल मला ओलांडवेना..."

"ए हो, ए हो."

"लेकाशी माझं बोलणं आहे, लेकाला पुढे बोलवा ना..."

ओम पुढे आला, वाकला, आणि रिवाजाप्रमाणे पालखीच्या दोरीला नोटांची गुंडाळी बांधू लागला. दोकचू मान वळवून थुंकला. "आईला काय बाजाराला पाठवतोयस? ती बोल म्हणतेय, तू नोटा बांधतोयस."

कुणीतरी हसलं. ओम ओशाळला आणि हात काढून घेतला.

चिल्बोकने डोळे मिटले. आता गाणार ते त्याने रात्रंदिवस घोळवलं होतं, तरी ओठ सुकले. काकी, माफ करा, असं त्याने मनात म्हटलं, आणि उचललं.

"भात नेलास मी गप्प बसले, पितळ नेलंस गप्प बसले,
कागदाच्या दाराला, बाळा, बोटाएवढं भोक होतं..."

साथ आली नाही. अकराही जण ऐकत होते.

"भोकाला माझा डोळा होता, तुला कुठे ठाऊक होतं?
साहेब नव्हता, शिपाई नव्हता, तूच होतास, बाळा, एकटा,
एक नाव तू खोडलंस तिथे, एक नाव तू लिहिलंस..."

ओमच्या हातातली काठी पडली.

चिल्बोकने डोळे उघडले. त्याला वाटलं होतं ओम चिडेल, हे खोटं आहे म्हणून ओरडेल, मग लोक ओरडतील, त्यातून काही बाहेर पडलं तर पडलं. तसं झालं नाही. ओम पालखीकडे बघत होता. चिल्बोककडे नाही, पालखीकडे. कागदी फुलांमागे जिथे म्हातारीचं डोकं असेल तिथे.

"आई," तो म्हणाला. "तू घरात होतीस?"

तो पालखीच्या आणखी जवळ गेला.

"तू तर मुळ्यांच्या शेतात गेली होतीस ना? मी बघितलं होतं. मी दार लावून घेतलं होतं, आई." ओम गुडघ्यांवर बसला. "त्यात क्यूह्वान होता गं. त्यांनी त्याचं नाव टाकलं होतं. मी काय करणार होतो? तू तरी काय केलं असतंस? मी... सूगिलचं लिहिलं. चिल्बोकला वाचता येत नाही, तो कुठे जाणार विचारायला, असं वाटलं. तू बघितलंस आणि कधी बोलली नाहीस. अडीच वर्षं माझ्या हातचं जेवलीस आणि बोलली नाहीस."

"बाबा?" क्यूह्वान म्हणाला. एवढंच.

चिल्बोकला हवं होतं ते मिळालं होतं. शब्दन् शब्द मिळाला होता, आणि मागितला नव्हता तेवढाही वर मिळाला होता. 'वाचता येत नाही, तो कुठे जाणार.' इतके दिवस त्याला वाटत होतं की हे कळलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. उलट आता तो दगड कुणाच्या हातचा हे कळलं, आणि हाताला चेहरा मिळाला. आपणच रचलेलं खोटं आणि ते खरं निघालं, याचं त्याला क्षणभर भयही वाटलं. मग भय गेलं. राग राहिला.

"मारा साल्याला," मागून कुणी ओरडलं. दोकचूने खांदा काढायला सुरुवात केली, पालखी हिंदकळली.

"खांदा काढायचा नाही!" चिल्बोक गरजला. "म्हातारी पडेल. दोकचू, शपथ आहे तुला."

"अरे, पण ऐकलंस ना? तुझ्या पोराला..."

"ऐकलं. कान आहेत मला."

तो चालत ओमजवळ गेला. काठी उगारली नाही. काठी उगारली असती तर ओमला बरं वाटलं असतं. मार खाऊन माणूस मोकळा होतो, हे चिल्बोकला ठाऊक होतं, आणि त्याला मोकळं करायचं नव्हतं.

"ऊठ. टोपी काढ."

ओमने सुतकाची टोपी काढली.

"तिकडे बघ. डावी बाजू, तिसरी. दिसते जागा? ती माझ्या पोराची. तू त्याला तिथून उपटलंस. आता ओझं कुणी वाहायचं? दोकचूने किती दिवस वाहायचं? जा, शिर तिच्याखाली."

लोकांत कुजबुज झाली. आईच्या पालखीला मुलगा खांदा देत नाही. सुतकी माणूस मागून चालतो, रडतो, वाकतो. त्याने ओझं उचललं तर ती भाड्याच्या गड्याची आई झाली, मुलाची नाही. असं गाम्गोलमध्ये कधी झालं नव्हतं. म्हातारे म्हाताऱ्यांकडे बघू लागले.

"चिल्बोक," एक म्हातारा म्हणाला, "रीत सोडू नकोस रे. मयत आहे."

"पोराला खाणीत घालताना रीत कुठे होती, आजोबा? तेव्हा कुणी नाही आठवलं."

क्यूह्वान पुढे आला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. "काका, मी जातो. ती जागा माझीच होती ना. मीच जायला हवं होतं."

चिल्बोकने त्याच्याकडे बघितलं. सूगिलच्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, लहानपणी आपल्याच अंगणात खेळलेला. पोराला काही ठाऊक नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी चिल्बोकने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता.

"तू बाजूला हो," तो म्हणाला. "बापाने लिहिलंय, बापानेच भरायचं."

ओम पालखीखाली शिरला. तागाचे कपडे दोरीत अडकले, ते त्याने ओढून सोडवले. खांदा दांड्याखाली लावला. कधी ओझं न उचललेला खांदा, हाडं टोचली असतील. समोरच्या गड्याने तोंड फिरवलं. त्याच्याजवळ उभं राहायलाही कुणाला नको होतं. पण जागा जिथे होती तिथेच होती, आणि ओम तिच्यात उभा होता, गावासमोर, आईच्या खाली, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांतून पाणी.

अहाहा, असं चिल्बोकला वाटलं. खोटं कशाला बोलायचं? वाटलं. अडीच वर्षांत जेवण गोड लागलं नव्हतं, ते त्या क्षणी लागलं असतं. उद्या बस खुर्चीवर, वाक अमेरिकनांपुढे, लिही पुन्हा वह्या. तुला बघून गाम्गोलचं शेंबडं पोरही म्हणेल, हाच तो, आईच्या पालखीचा हमाल.

"उचला," तो म्हणाला आणि काठी आपटली.

पालखी वर झाली.

आणि सरळ झाली. डावी बाजू, उजवी बाजू, कागदी फुलं, झालरी, सगळं पाण्यासारखं समपातळीत. दोकचूच्या खांद्यावरचं दुसऱ्या माणसाचं ओझं एकदम उतरलं, आणि त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हां, आता बरी चाललीय."

म्हणाला, आणि जीभ चावली.

बाकीचे खांदेकरी खाली बघू लागले. काय झालं ते त्यांनाही त्याच क्षणी कळलं. चिल्बोकला सगळ्यात शेवटी कळलं. तो उलटा उभा होता, त्याला बारा माणसं समोर दिसत होती. सहा आणि सहा. त्याने मोजली नाहीत. मोजावी लागली नाहीत. अडीच वर्षं तो गाताना त्या फटीतून मागचा रस्ता बघत होता. तिथे आता कुणीतरी उभं होतं, आणि ते त्याने स्वतःच, स्वतःच्या तोंडाने, काठी आपटून उभं केलं होतं. सगळ्या गावादेखत. जागा भरली म्हणायला पंच लागले नाहीत, पत्र लागलं नाही, रशियाची बोट लागली नाही.

पुलाच्या कडेला बायकांच्या घोळक्यात सूगिलची आई उभी होती. तिने एकदा पालखीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग ती हळूच खाली बसली, जणू पाय दुखले म्हणून. दोन्ही हात मातीवर ठेवले. आणि तिच्या तोंडून मयताचा हंबरडा फुटला, घरातलं माणूस गेल्यावर बायका फोडतात तो, अडीच वर्षं तिने दातांखाली धरून ठेवलेला.

"आयगो, सूगिल रे! आयगो, माझ्या बाळा!"

बाकीच्या बायका तिच्याभोवती बसल्या. तुमचा पोरगा येईल हो, असं कुणीच म्हणालं नाही. परवापर्यंत म्हणायच्या.

पुढच्या खांदेकऱ्यांचा पाय पुलाच्या लाकडावर होता. उचललेलं मयत घेऊन फार वेळ एका पायावर उभं राहता येत नाही. ओळ आल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. दोकचू त्याच्याकडे बघत होता. "चिल्बोक," तो अगदी हळू म्हणाला, "अरे, बोल काहीतरी. लोक थकले."

चिल्बोकने तोंड उघडलं. रचलेलं, ठरवलेलं, सगळं संपलं होतं. एकतीस वर्षांची सवय तेवढी होती. त्याने काठी दांड्यावर टेकवली आणि नेहमीची, कुणाच्याही मयताला गायची ओळ उचलली.

"चला रे गड्यांनो, हळू चला, वाट अनोळखी आहे..."

"ए हो, ए हो," बारा आवाजांनी साथ दिली.